फुगलेला फोन

मावशीच्या बॅगेत मला तो फोन सापडला तेव्हा तिच्या विमानाला चार दिवस उरले होते. लेकीकडे, जर्मनीला निघाली होती ती. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी विणलेला स्वेटर. आम्ही दोघी काट्यावर वजन करून बॅग लावत होतो, पुन्हा काढत होतो, पुन्हा लावत होतो. २३ किलोच्या वर पाव किलोही नको होतं. तळाशी जुन्या इरकलीच्या घडीत हाताला काहीतरी कडक लागलं. उलगडलं तर मावशीचा जुना फोन.

टेबलावर ठेवला तर तो सपाट बसेना. एका बाजूने बोट लावलं की डुलत होता. मागचं झाकण एका कडेला इतकं उचललं होतं की फटीत नख सहज जावं, आणि त्या फटीतून बॅटरीची रुपेरी पिशवी दिसत होती, तळणीतल्या पुरीसारखी टम्म फुगलेली.

"बंद पडलाय गं तो," मावशी म्हणाली. "काल रात्री परत चार्जिंगला लावून बघितला. चालू काही होईना, नुसता गरम व्हायला लागला, म्हणून काढला. जावई म्हणालेत, तिकडे कुणाकडून तरी दुरुस्त करून घेऊ."

"मग पर्समध्ये नाही का ठेवायचा? मोठ्या बॅगेत कशाला?"

"पर्स तपासतात ना. त्यांनी काढून घेतला तर? मोठ्या बॅगेत साडीत असला की कोण बघतंय."

कोण बघतंय. त्या रात्री घरी आल्यावर मला झोप लागली नाही ती या दोन शब्दांमुळे. कारण विमानात अशा बॅटरीची खरी भीती तीच आहे, की कुणी बघत नाही.

बॅटरी फुगते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. फोनच्या बॅटरीत दोन पातळ पत्रे गुंडाळलेले किंवा एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा. हा पडदा माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. भोवती ज्वालाग्राही द्रव भरलेला. बॅटरी जुनी झाली, जास्त चार्ज झाली, पडली, दाबली गेली की आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतात आणि ते त्या बंद पिशवीतच कोंडतात. ती फुगते. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटते असं नाही, बहुतेक पेटत नाहीत. पण आतली रचना हलली आहे, एवढं ती सांगत असते. तो पडदा कुठे फाटला किंवा वितळला आणि दोन पत्रे एकमेकांना भिडले, की तिथे उष्णता तयार होते. त्या उष्णतेने शेजारचा भाग तापतो, त्याची उष्णता त्याच्या शेजाऱ्याला. याला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा सुरू झाली की ही साखळी बाहेरून विझवता येत नाही, नुसती थंड करता येते.

विमानात भर पडते ती हवेच्या दाबाची. उंचीवर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो. म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्याहूनही बरेच वर बसलेले असतो. महाबळेश्वरच्या घाटात वेफर्सचं पाकीट कसं तट्ट होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. चांगल्या बॅटरीला या फरकाने काही होत नाही. पण जिच्या पिशवीत आधीच वायू भरलाय, ती आणखी थोडी ताणली जाणार.

आणि हे सगळं विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, अंधारात, इरकलीच्या चार घड्यांमध्ये.

तिथे आग विझवायची सोय नसते असं नाही. प्रवासी विमानांच्या सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडण्याची यंत्रणा असते. हॅलॉन ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या बॅटरीला थंड करत नाही. आतली साखळी चालूच राहते. त्याच बॅगेत केसांना मारायचा स्प्रे किंवा डिओडरंटचा डबा असला तर गोष्ट आणखी बिघडते. म्हणून सुटी बॅटरी आणि पॉवर बँक खालच्या सामानात द्यायचीच नाही, जवळ ठेवायची, असा नियम जगभर आहे. आणि खराब झालेली, फुगलेली, कंपनीने परत मागवलेली बॅटरी तर वरही नाही आणि खालीही नाही. मावशीचा फोन या शेवटच्या प्रकारातला होता.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएस कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ आठवतं मला. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. मालाला आग लागली, कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. वैमानिकांनी दुबईला परतायचा प्रयत्न केला, पण विमान कोसळलं आणि दोघेही गेले. तो मालाचा मोठा ढिगारा होता, मावशीचा एक फोन म्हणजे त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण पुढे १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायलाच बंदी घातली, त्यामागे अशी माणसं आहेत. पुण्यातल्या स्वयंपाकघरात बसून बॅग भरताना हे कुणाला आठवणार? आणि का आठवावं? कुणी सांगितलंय का कधी?

सांगण्यावरून मला २०१६ चा सप्टेंबर आठवतो. पुण्याहून दिल्लीला जात होते. विमान सुटायच्या आधी घोषणा झाली की सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ हा फोन कुणाकडे असेल तर तो चालू करू नका, चार्ज करू नका, खालच्या सामानात देऊ नका. तोवर विमानातल्या घोषणा म्हणजे पट्टा, मास्क आणि जीवरक्षक जॅकेट. पहिल्यांदाच एका फोनचं नाव घेऊन सूचना ऐकली. माझ्या शेजारच्या गृहस्थांकडे त्याच कंपनीचा, पण दुसरा फोन होता. त्यांनी तो चटकन खिशात घातला. आपल्याकडे काही चुकीचं नाही हे माहीत असूनही त्यांना तो लपवावासा वाटला. ती हालचाल माझ्या लक्षात राहिली आहे.

नोट ७ ची हकिगत मी तेव्हा रोज वाचत होते. १९ ऑगस्टला तो बाजारात आला, आणि दोनच आठवड्यांत, २ सप्टेंबरला, कंपनीने जगभरातले सुमारे २५ लाख फोन बदलून द्यायचं जाहीर केलं. भारतात त्याची विक्री अजून सुरूच झाली नव्हती. तरीही आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, ९ सप्टेंबरला सूचना काढली, आणि ते योग्यच केलं. विमानात बसणारा माणूस फोन कुठून घेऊन येईल हे कुणी सांगावं? लोकांनी फोन बदलून घेतले. सुटकेचा श्वास टाकला. मग ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलच्या विमानतळावर, साउथवेस्टच्या बाल्टिमोरला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाच्या फोनमधून धूर आला. विमान अजून गेटवरच होतं म्हणून सगळ्यांना उतरवता आलं. तो फोन बदलून मिळालेला होता. सुरक्षित म्हणून हातात दिलेला. त्यानंतर आठवडाभरात कंपनीने नोट ७ कायमचा बंद केला आणि १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेने तो विमानात आणायलाच मनाई केली.

जानेवारी २०१७ मध्ये कारणं बाहेर आली. बॅटऱ्या दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या होत्या. पहिल्याच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी होती आणि तिथे आतला पत्रा मुडपला जात होता. दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाच्या जागी धातूची टोकं राहिली होती, ती आतला पडदा भेदत होती, आणि काही बॅटऱ्यांमध्ये तर इन्सुलेशनची पट्टीच लावलेली नव्हती. म्हणजे एक दोष काढून टाकायला जी बॅटरी आणली तिच्यात दुसराच दोष. "नवी आहे" हे उत्तर पुरेसं नसतं, हे मी तेव्हा शिकले, आणि मावशीच्या फोनच्या वेळी ते मला उपयोगी पडलं.

२०१६ च्या त्याच सप्टेंबरात, २३ तारखेला, सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात वरच्या कप्प्यातल्या बॅगेतून धूर येऊ लागला. आत एक जुना नोट २ होता, ज्याच्याबद्दल कुणीही कुठलीच घोषणा केलेली नव्हती. प्रवाशांना वास आला, त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं. कर्मचाऱ्यांनी शेजारच्या माणसांना हलवलं, अग्निशामक मारला आणि फोन शौचालयात पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला. विमान चेन्नईत नीट उतरलं. ही घटना मला नोट ७ च्या सगळ्या गदारोळापेक्षा मोठी वाटते. यादीत नसलेला साधा जुना फोन, आणि वाचवलं कशाने? तर आजूबाजूच्या माणसांच्या नाकाने. तोच फोन खाली सामानात असता तर तो वास कुणाला आला असता?

वरचा कप्पासुद्धा नजरेआडच असतो म्हणा. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधीच आग लागली. ती वरच्या कप्प्यातून सुरू झाली आणि विमानाचं छत जळून गेलं. १७६ जण होते, सगळे बाहेर पडले. पॉवर बँकेतला बिघाड हे संभाव्य कारण म्हणून पुढे आलं आणि १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. अंगावर ठेवा, नाहीतर समोरच्या खिशात. १९ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाच्या उपकरणाने पेट घेतला तो समोरच्या सीटच्या खिशातच. डोळ्यांसमोर होता, म्हणून लगेच आटोक्यात आला आणि विमान मागे फिरलं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. मागे रेललेल्या सीटच्या फटीत फोन पडला की आपण आधी सीट पुढे-मागे करून बघतो. ते करू नये. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला गेला की तीच साखळी सुरू होते. हात घालू नका, सीट हलवू नका, बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा. त्यांना ती सीट कशी उघडायची ते शिकवलेलं असतं. पेटलेल्या फोनवर आधी अग्निशामक आणि मग भरपूर पाणी ओतायचं, बर्फ ठेवायचा नाही, हेही. बर्फाने उष्णता आतच कोंडून राहते.

पण मी मावशीबद्दल सांगत होते.

मी तिला रागावले नाही. त्या फोनमध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. काकांना मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते घराबाहेर पडले की मावशीला आवाजी निरोप पाठवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर महिन्याभरात फोन बंद पडला आणि निरोप आतच राहिले. मावशीने दुसरा फोन घेतला, पण जुन्यातलं काही त्यात आलं नाही. "ह्यांचा आवाज आहे त्यात," ती म्हणाली, "तो मी कचऱ्यात टाकू?"

सूचना लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही असं मला वाटतं. सूचनेत बॅटरी असते. घरात जो असतो तो फोन, आणि फोनमध्ये माणसं असतात. 'खराब उपकरण आणू नये' हे वाक्य वाचून मावशीला आगीची आठवण येत नाही, काढून घेतील ही भीती येते. आणि भीती वाटली की माणूस लपवतो, त्या दिल्लीच्या विमानातल्या गृहस्थांसारखा. लपवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे मोठी बॅग, आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट जागा. हा नियम लोकांच्या घरात, त्यांच्या भाषेत, बॅग भरायच्या आधी पोहोचला पाहिजे, आणि सोबत हेही पोहोचलं पाहिजे की आतलं जे आहे ते वाचवता येतं. काउंटरवर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी तो फोन स्टीलच्या डब्यात ठेवून आम्ही तपकीर गल्लीत गेलो. मोबाईल दुरुस्त करणारा पंचविशीतला मुलगा. फोन हातात घेतल्या घेतल्या त्याने विचारलं, "चार्ज केला होता का?" मावशीने मान डोलावली. "परत नका करू." त्याने तिला टेबलापासून लांबच्या स्टुलावर बसवलं. टेबलाखालून तेलाचा कापलेला डबा काढला, त्यात वाळू भरलेली. नेहमी झाकण सोडवायला गरम हवा मारतात, ती त्याने मारली नाही. कडेने आयपीएचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, थेंब सोडून, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने, गोंद हळूहळू सोडवत राहिला. मध्ये एकदा थांबून मला म्हणाला, "ताई, लोक यूट्यूब बघून घरी पिन टोचतात. म्हणतात, हवा काढून टाकू." त्याच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. मी विचारलं नाही.

पाऊण तास लागला. बॅटरी निघाली तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्याने ती वाळूत ठेवली. ई-कचरा गोळा करणारा माणूस शनिवारी येतो, त्याला देतो म्हणाला. घंटागाडीत टाकत नाही. गाडीत कचरा दाबतात, तिथे पेटते.

नव्या बॅटरीसाठी मी हट्ट धरला. त्याच्याकडे स्वस्तातली होती, तिच्यावर कसलीच खूण नव्हती. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी छापलेली हवी, असं मी सांगितलं तेव्हा त्याने न कुरकुरता शेजारच्या गल्लीतून मागवली. अर्ध्या तासाने फोन सुरू झाला. मावशीने स्वतः ते चिन्ह दाबलं.

"अगं, वाण्याकडे आलोय. तूरडाळ किती आणू? आणि फोन उचलत जा जरा."

काकांचा आवाज त्या एवढ्याशा दुकानात घुमला. मावशीने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "एक किलो." मुलगा पाठ करून स्क्रू शोधत राहिला. मग त्याने सगळे निरोप तिच्या नव्या फोनमध्ये उतरवून दिले, मी ते तिच्या लेकीलाही पाठवले. तरीही तो जुना फोन मावशीला सोबत हवाच होता. ठीक आहे, मी म्हटलं. पण नोट ७ विसरले नव्हते. दोन दिवस तो फोन घरी फरशीवर ठेवून, आम्ही जाग्या असतानाच चार्ज केला, हात लावून बघितला. गरम होत नव्हता, झाकण सपाट बसलं होतं. प्रवासाआधी अर्धाच चार्ज ठेवून बंद केला आणि मावशीच्या पर्समध्ये घातला, किल्ल्यांपासून वेगळ्या कप्प्यात.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने इंग्रजीत भरभर काहीतरी विचारलं. आमच्या आधीच्या तिघांनी त्याच प्रश्नाला, तो संपायच्या आत, मान हलवून "नो" म्हटलेलं मी ऐकलं होतं. मावशी थांबली. "काय म्हणाली ती?" तिने मला विचारलं. मी सांगायच्या आत ती मुलगीच मराठीत म्हणाली, "आजी, या मोठ्या बॅगेत बॅटरी, पॉवर बँक, जुना फोन, असं काही आहे का?" आणि काउंटरवरच्या चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

मावशीने पर्समधून काकांच्या निरोपांचा फोन काढून समोर ठेवला. "हा आहे. पण हा इथे आहे, जवळ. बॅटरी नवीन घातलीय." मुलीने फोन उलटसुलट करून पाहिला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. मावशी अजून त्या चित्रांकडे बघत होती. पॉवर बँकेच्या चित्राशी येऊन तिचं बोट थांबलं.

"हे काळं चौकोनी... जावयांनी गेल्या दिवाळीला पाठवलेलं, तेच ना हे?"

माझ्या छातीत धस्स झालं. चार दिवस मी त्या एका फोनच्या मागे होते, आणि बॅगेचा बाजूचा कप्पा मी उघडूनही पाहिला नव्हता. बॅग काट्यावरून खाली उतरवली, रांगेतून बाजूला घेतली, दोऱ्या सोडल्या. मेतकुटाच्या पुड्या आणि गरम पाण्याच्या रबरी पिशवीमागे पॉवर बँक होती. २०,००० एमएएच, म्हणजे ७४ वॅट-अवर. १०० वॅट-अवरच्या मर्यादेच्या आत, म्हणजे जवळ नेता येईल अशी. मुलीने त्यावर लिहिलेले आकडे वाचले आणि मान डोलावली. मावशीने ती पर्समध्ये, फोनच्या शेजारी, नीट ठेवली.

मी पुन्हा दोऱ्या बांधल्या. बॅग काट्यावर चढली. बावीस किलो सहाशे.